लाल गाडीतला वास

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर राहणाऱ्या ऋतिका धुरीने छत्तिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, आणि घेताना शहाणपणा जाणूनबुजून बाजूला ठेवला. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, हे तिचं काम. सकाळी पवई, दुपारी घाटकोपर, संध्याकाळी अंधेरी. दहा वर्षं रिक्षांचे धक्के खाऊन आता तिचीच कंबर धरायला लागली होती. अशा बाईने एखादी साधी, नवी, क्लच नसलेली गाडी घ्यावी आणि गप्प बसावं. पण ऋतिकाच्या डोक्यात कॉलेजपासून एकच गाडी बसली होती. दिसायला, लोक भाजी आणायला नेतात तसल्या साध्या गाड्यांसारखीच बुटकी हॅचबॅक, पण बॉनेटखाली टर्बोचं इंजिन, आणि पाय दाबला की पाठीत गुद्दा बसल्यासारखी पुढे झेपावणारी. कंपनीने ती केव्हाच बंद केली होती. रस्त्यात एखादी दिसली की ऋतिका अजूनही मान वळवून बघायची.

तसली एक लाल गाडी तिच्या आतेभावाकडे आली. सिद्धेश पेडणेकर राहायला बोरिवलीला. अंधेरीत त्याचं गाड्या धुऊन-पुसून चकाचक करून द्यायचं दुकान होतं आणि जोडीला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री.

"ताई, बारा वर्षांची आहे, पण जपलेली," तो फोनवर म्हणाला. "बाहेर कुणाला दाखवायच्या आधी तुला सांगतोय. घरातली वस्तू घरात राहील."

मार्चमधल्या एका रविवारी ती वडिलांना घेऊन त्याच्या दुकानात गेली. बळवंत धुरी म्हणजे बेस्टमध्ये तीस वर्षं बस चालवून एकाही माणसाला साधं खरचटू न दिलेला ड्रायव्हर. घरात त्यांचा शब्द इतर कशात चालो न चालो, चाकं असलेल्या वस्तूच्या बाबतीत शेवटचा असायचा. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग चारही टायर दाबून पाहिले, सायलेन्सरपाशी हात धरला, गाडीखाली वाकून बघितलं. सिद्धेशने मामांसाठी खुर्ची मांडली, चहा मागवला, "मामा, सावकाश बघा, घाई नाही," असं दोनदा म्हणाला.

गाडीत लिंबाचा इतका जबर वास होता की ऋतिकाला बसल्या बसल्या शिंक आली.

"कालच शाम्पू केलाय आतून," सिद्धेश म्हणाला. "जाईल दोन दिवसांत."

बळवंतरावांना तो वास आलाच नाही. करोना झाल्यापासून त्यांचं नाक गेलं होतं. मासळीचा नाही, उदबत्तीचा नाही, शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचाही नाही. सगळ्या नातेवाइकांना ते ठाऊक होतं.

"इंजिन बरा हा," हात पुसत ते म्हणाले. मुंबईत सगळी हयात गेली तरी आनंद झाला की त्यांच्या तोंडून मालवणीच निघायची. "घे तू. डोळे मिटून घे."

ऋतिकाने मुदतठेव मोडली आणि गाडी घेतली.

पहिले दोन-अडीच महिने ती हवेत होती. सकाळी साडेसहाला पवईच्या पेशंटकडे पोचायचं, तरी ती पाच वाजताच निघायला लागली, कारण त्या वेळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे जरा मोकळा असतो. ऐरोलीच्या सिग्नलपासून पुढे दोन किलोमीटर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी काही खेचायची की पोटात खड्डा पडायचा. एवढ्यासाठी ती बाकी सगळं सोसायची. सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं आणि वॉचमन दर वेळी दात विचकायचा. डाव्या आरशाची काच मिळायला पाच आठवडे लागले. जोगेश्वरी लिंक रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्यात कळ यायची, आणि मग ती पेशंटना सांगते तेच व्यायाम घरी स्वतः करायची. तिची काही तक्रार नव्हती. दर रविवारी बळवंतराव खाली उतरून गाडीला फडकं मारायचे आणि शेजारच्या सीटवर बसून मुलीला सांगायचे, "गिअर खेचू नको, नुसता हात ठेव. ती आपणहून जाता."

जूनमध्ये पावसाने काचा बंद करून एसी लावायची वेळ आली, आणि लिंबाच्या खालून काहीतरी वर यायला लागलं.

आधी तिला वाटलं, ओल्या छत्रीचा कुबट वास. छत्री डिकीत ठेवली. मग वाटलं, बाहेरून गटाराचा येत असेल. पण गटार मागे पडलं तरी वास सोबत यायचा. गोडसर, जडसा, मोरीचं तोंड तुंबल्यावर येतो तसा. ती मॅट धुवायची, कापराच्या वड्या ठेवायची, कोळशाच्या पुरचुंड्या ठेवायची. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की तो आत तिची वाट बघत बसलेला असायचा. काही दिवसांनी तिचं नाक सरावलं, आणि वास कमी झाला असं तिने स्वतःला पटवून दिलं.

तो भ्रम इरावतीबाईंनी उतरवला. पवईतल्या तळ्याकाठच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या, अर्धांगवायूने उजवा हात गेलेल्या, एकेकाळच्या मुख्याध्यापिका. तोंडाने फटकळ, पण ऋतिकावर जीव. त्या दिवशी ऋतिका त्यांचा खांदा हळूहळू वर उचलत होती, तेवढ्यात बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"दुखतंय का?"

"दुखत नाहीये," इरावतीबाई म्हणाल्या. "ऋतिका, तुला वाईट वाटेल, पण मला सांगायलाच हवं. गेले पंधरा-वीस दिवस तुझ्या अंगाला संडासाचा वास येतो. तू गेल्यावर माझी सून खोलीतल्या खिडक्या उघडते. तुझ्याकडे पाण्याची काही अडचण आहे का?"

ऋतिकाचे हात तिथेच थांबले. रोज दोनदा आंघोळ करणारी, खिशात सॅनिटायझर ठेवणारी, पेशंटला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुणारी बाई ती. "गाडीचा आहे तो," एवढंच ती म्हणाली. लिफ्टमध्ये तिने कुर्त्याची बाही नाकाशी धरली. बाईंचं खोटं नव्हतं.

पुढच्या पेशंटला तिने सुट्टी दिली आणि गाडी सरळ घाटकोपरला श्यामसुंदरच्या गॅरेजवर नेली. श्यामसुंदर साठीचा, कमी बोलणारा मेकॅनिक. आरशाची काच त्यानेच मिळवून दिली होती. त्याने दार उघडलं, एकदा श्वास घेतला आणि दार तसंच उघडं ठेवून मागे सरला. बॉनेटला त्याने हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट धरून तो शेवटपर्यंत बाहेर ओढला.

"मॅडम, हे बघा."

बेल्टची रोज वापरात येणारी लांबी काळीभोर आणि स्वच्छ होती. पण शेवटची वीतभर, जी एरवी कधीच बाहेर येत नाही, ती तपकिरी होती, आणि तिच्यावर आडवी, वाळलेली, खरखरीत रेघ होती.

"इथवर पाणी होतं," श्यामसुंदर म्हणाला. "तुमच्या खांद्यापर्यंत."

मग त्याने सीट काढल्या. सीटचे बोल्ट गंजून फुगले होते. कार्पेटचा कोपरा उचलला तर खालचा फोम ओल्या पावासारखा हातात आला आणि त्यातून काळा चिखल पिळून निघाला. साधा चिखल नव्हता तो. त्यात केस होते, वितळलेल्या कागदाचे गोळे होते, प्लॅस्टिकच्या पाकिटाचा कोपरा होता. डिकीत स्पेअर टायरच्या खाली पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. ऋतिका गॅरेजच्या मागे गेली आणि तिथल्या नळापाशी ओकली. चूळ भरताना तिला आठवलं की गेल्याच आठवड्यात घाईत असताना तिने याच गाडीत, याच सीटवर बसून डबा खाल्ला होता.

"वायरिंग आत्ता चालतेय," ती परत आल्यावर श्यामसुंदर म्हणाला, "पण आतून हिरवी झालेय सगळी. कधीतरी एकदम जाईल. एअरबॅगचं तर मी बोलतच नाही. कुणी दिली तुम्हाला?"

"भावाने," ऋतिका म्हणाली.

त्याने हातावरचा चिखल पुसला, सीट परत बसवून दिल्या आणि मजुरीही घेतली नाही, याचीच तिला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती अंधेरीत सिद्धेशच्या दुकानात उभी राहिली. तो कुणाच्या तरी काळ्या गाडीला मेण घासत होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं असावं, कारण त्याने चहाचं विचारलं नाही.

"सिद्ध्या, गाडी कुठे बुडली होती?"

"अगं, बुडली वगैरे काय, थोडंसं पाणी..."

"बेल्टपर्यंत होतं. मी बघितलंय. कुठे?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "एका टॉवरच्या बेसमेंटमध्ये. तिथे त्यांची ड्रेनेजची टाकी फुटली होती. तीन दिवस उभी होती गाडी. मालकाला नजरेसमोर नको होती, म्हणून मला स्वस्तात मिळाली. मी आठ दिवस घासलीय ती ताई, स्वतःच्या हाताने. इंजिन पूर्ण खोललं. इंजिनमध्ये खोट काढून दाखव."

"तीन दिवस संडासाच्या पाण्यात उभी होती, आणि तू ती मला दिलीस."

"वापरलेली गाडी म्हणजे असंच असतं. कुणी ना कुणी काही ना काही केलेलं असतं तिच्यात. सगळेच विकतात." त्याच्या आवाजात शरम नव्हती, नुसता कंटाळा होता, दर महिन्याला कुणीतरी हेच विचारायला येत असल्यासारखा. "आणि तू होतीस ना तिथे? मामांचं नाक गेलंय हे मला माहीत होतं, पण तुझं तर होतं. तुला नाही आला, त्याला मी काय करू?"

हे वाक्य ऋतिकाच्या आत कुठेतरी चिकटलं आणि निघेना. मामांचं नाक गेलंय हे मला माहीत होतं. म्हणजे खुर्ची मांडताना, चहा देताना, सावकाश बघा म्हणताना, सगळा वेळ ते याच्या हिशेबात होतं. लहानपणी शेंबूड पुसून ज्याला ती शाळेत न्यायची तो हा पोरगा. तिला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या नखांच्या कडांना मेण अडकलं होतं, आणि तेवढ्यावरूनही तिला शिसारी आली.

"बाबांना यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? तू म्हणशील तेव्हा मी ती दुसऱ्याला देऊन टाकतो. तुझं नुकसान नाही होणार."

ती उत्तर न देता निघाली. पण नाही असंही म्हणाली नाही, हे तिला पुढे बरेच दिवस डाचत राहिलं.

दोन महिने तिने बापापासून लपवलं. गाडी कामाला नेणं बंद केलं, रिक्षा धरली, आणि विचारलं तर सांगायची की क्लच जड झालाय. पण रविवारी बळवंतराव फडकं घेऊन खाली उतरायचेच. शेजारच्या सीटवर बसून काच वर करायचे, रेडिओ लावायचे, आणि मुलगी खाली का येत नाही हे त्यांना कळायचं नाही. त्या घाणीत आपला बाप सुखाने मान डोलवत बसलाय हे ऋतिकाला वरच्या खिडकीतूनही बघवायचं नाही. हाका मारून ती त्यांना वर बोलवायची, आणि आल्या आल्या कपडे धुवायला टाकायची.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बळवंतरावांची धाकटी बहीण नलिनी, म्हणजे सिद्धेशची आई, मुलुंडला आली. मखराचं सामान आणि नारळांची पिशवी घेऊन ती परत निघाली तेव्हा बळवंतराव म्हणाले, "रिक्षा कशाक? घरात गाडी हा ना. ऋतू सोडीत."

ऋतिकाने कारणं काढली, पण आत्याचं सामान तोवर डिकीत गेलंही होतं. बाहेर ऊन तापलं होतं आणि गाडी चार दिवस बंद होती. नलिनीआत्या मागे बसली, दार लागलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिने पदर तोंडावर दाबला.

"अगो बाई, काय मेलंय गाडीत? दादा, तू बसतोस कसा यात?" ती दार उघडून खाली उतरली, आणि उतरून बाजूच्या भिंतीपाशी थुंकली.

बळवंतराव पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसले होते. त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं आणि मग मुलीकडे. ऋतिकाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासूनच असणार, बाबा. मला जूनमध्ये कळलं."

"आणि माका सांगूक नाय."

तिने मग सांगितलं. बेसमेंट, टाकी, तीन दिवस, सिद्धेश. नलिनीआत्या पदर तोंडाला लावून सगळं ऐकत होती. मुलाचं नाव आल्यावर ती म्हणाली, "त्याला फसवलं असणार कुणीतरी. तो असा नाही." मग नारळाची पिशवी उचलून ती रिक्षाने गेली. बळवंतरावांनी बेल्ट सोडला, वर जाऊन हातपाय धुतले आणि आरामखुर्चीत बसून राहिले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले. बाकी एक अक्षर नाही.

ऋतिकाला वाटलं होतं, ते भाच्याला फाडून खातील. गणपती झाल्यावर एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "सिद्धेशशी बोललंय मी. रविवारी गिऱ्हाईक येतंय. गाडी तीन दिवस आधी त्याच्याकडे नेऊन ठेव. त्याचं तो बघेल."

"गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

"ते त्याचं काम."

ती गाडी नेऊन ठेवून आली. मोडलेली ठेव आठवत होती, रोजच्या रिक्षा आठवत होत्या. आणि बाबांनी तोंड उघडलंय, एवढ्यावरच तिला बरं वाटलं होतं.

रविवारी दुकानात गाडी लाल काचेसारखी चमकत उभी होती. आत पुन्हा लिंबू होतं, या वेळी दुप्पट. गिऱ्हाईक म्हणजे प्रितम वैती, वर्सोव्याचा, सत्ताविशीतला. विमानतळावर सामान चढवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, आणि आईला पहाटे मासळीच्या लिलावाला सोडून मग शिफ्टला जायचं, म्हणून त्याला गाडी हवी होती. हीच गाडी का, असं सिद्धेशने विचारलं तेव्हा तो जरा लाजला. "शाळेत होतो तेव्हापासून हीच हवी होती," तो म्हणाला. बॉनेटवरून त्याने असा हात फिरवला की ऋतिकाने नजर खाली घातली.

त्याला गाड्यांतलं फारसं कळत नव्हतं, आणि ते त्याने कबूलही केलं. सिद्धेश बोलतच होता, पण पोराचा त्याच्यावर पुरता विश्वास बसत नसावा. तो वळला आणि खुर्चीत बसलेल्या बळवंतरावांपाशी आला.

"काका, तुमची गाडी ना? तुम्ही सांगा, कशी आहे?"

ऋतिकाला वाटलं, आता बाबा उठतील आणि खरं सांगतील. ते उठलेही. शर्ट खाली ओढून सारखा केला, आणि बस डेपोत नव्या ड्रायव्हरला समजावावं तशा भरदार आवाजात म्हणाले, "बाळा, मी तीस वर्षं बेस्टची बस चालवली. एक अपघात नाही. ही गाडी माझ्या मुलीसाठी मी स्वतः पारखून घेतली. तिला आता गुडघ्याचा त्रास आहे म्हणून काढतोय. गाडीत खोट नाही. डोळे मिटून घे."

कुठे अडखळणं नाही, नजर चुकवणं नाही. सिद्धेशनेही इतक्या सफाईने सांगितलं नसतं. ऋतिकाच्या घशाशी आंबट पाणी आलं. गॅरेजमधल्या अळ्या बघून जसं झालं होतं, तसंच. फक्त या वेळी समोर तिचा बाप होता, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात.

तिने पुढे होऊन दार उघडलं आणि बेल्ट शेवटपर्यंत ओढून धरला.

"हे बघ," ती प्रितमला म्हणाली. "इथपर्यंत पाणी होतं. संडासाच्या टाकीचं. तीन दिवस. खालचं कार्पेट उचल, तुझं तुला कळेल. लिंबाचा वास दोन-अडीच महिने टिकतो. वायरिंग कुजलीय, आणि एअरबॅग उघडेल की नाही ते कुणीच सांगू शकत नाही. आईला यात बसवू नकोस."

"ताई, वेड लागलंय का तुला?" सिद्धेश म्हणाला.

प्रितमने त्याच्याकडे बघितलंही नाही. बॉनेटवर ठेवलेला हात त्याने उचलला आणि पँटला पुसला, एकदा, मग पुन्हा. मग तो बळवंतरावांना म्हणाला, "काका, तुमचं वय बघून मी तुम्हाला विचारलं होतं." आवाज चढलेला नव्हता. हेल्मेट उचलून तो निघून गेला.

सिद्धेशने हातातलं फडकं बादलीत आपटलं. "घेऊन जा तुमची घाण. यापुढे मला फोन करायचा नाही."

ऋतिका गाडीत बसली. बळवंतराव शेजारी येऊन बसले. तिने चारही काचा खाली केल्या होत्या आणि बाहेरचा धूर, धूळ सगळं आत येत होतं.

"घेतली असती त्याने," पवई येता येता बळवंतराव म्हणाले.

"हो. घेतली असती."

"तुझे पैशे माझ्या शब्दावर गेले. ते परत आणूचे होते. तुझ्यासाठी केलंय मी, माझ्यासाठी नाय."

"ते सांगू नका, बाबा. त्याने तुम्हाला फसवलं हे कळलं तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात. आज त्या पोराशी बोलताना तुमचा श्वाससुद्धा हलला नाही."

"माझो शब्द वाया गेलो, ऋतू. घरात, भाच्यासमोर. तुका नाय कळायचा."

"मग दुसऱ्यांदा कशाला दिलात?"

बळवंतरावांनी तोंड खिडकीकडे केलं. तळ्यावरून येणारा वारा त्यांच्या तोंडावर बसत होता आणि ते तो खोल आत ओढत होते, त्यातून काहीतरी मिळेल असं वाटत असल्यासारखे. ऋतिकाला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. आपल्याला यांची किळस वाटतेय, हे तिला नीट कळत होतं, आणि ते कळण्याचीही किळस वाटत होती. अडीच महिन्यांपूर्वी सिद्धेशला नाही म्हणायला तिला काय झालं होतं? तीन दिवस आधी गाडी कुणी नेऊन ठेवली होती? गाडी मुलुंडच्या दिशेने आपणहून जात होती, नुसता हात ठेवला तरी.

ऑक्टोबरमध्ये श्यामसुंदर म्हणाला होता तसंच झालं. एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिने किल्ली फिरवली तेव्हा सगळे दिवे एकदम लागले, वायपर आपोआप फिरले, हॉर्न वाजायला लागला तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबेना. दुरुस्तीत अर्थ नव्हता. तिने सरकारी परवाना असलेल्या भंगारवाल्याला बोलावलं आणि कागदावर चक्क लिहून दिलं की ही गाडी सांडपाण्यात बुडालेली आहे, हिचा एकही भाग पुन्हा विकू नये. तो माणूस हसला. "असं कुणी लिहून देत नाही, मॅडम," तो म्हणाला. लिहिलेलं तो पाळेल याची तिला खात्री नव्हती. क्रेनने गाडीचं तोंड उचललं तेव्हा खालून काळं पाणी गळलं, आणि पार्किंगमधला तो डाग तिने फिनाइल टाकून स्वतः घासला. दोन बादल्या लागल्या. पाच वाजताचा हायवे आठवला, पण तो क्षणभरच.

नलिनीआत्याचं येणं थांबलं. दिवाळीचा फराळ तिने शेजारणीबरोबर पाठवला. ऋतिकाने डबा न उघडता परत पाठवला, आणि बळवंतरावांनी तिला अडवलं नाही.

बापलेकीचं बोलणं हळूहळू सुरू झालं. मीठ, औषधं, लाइटचं बिल. इरावतीबाईंचा हात आता खांद्यापर्यंत वर जात होता, तेही तिने एकदा सांगितलं. ते "बरा झाला" म्हणाले. नोव्हेंबरात खालच्या मजल्यावरचे राजेश साळगावकर वर आले. मुलाला जुनी गाडी घ्यायची होती. "बळवंतराव, रविवारी जरा येता का बघायला? तुम्ही एकदा हो म्हणालात की आम्ही निर्धास्त."

ऋतिका स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"नाही," बळवंतराव म्हणाले. "मी आता कुणाची गाडी बघत नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून घेऊही नका."

साळगावकर जरा वेळ बसले, हवापाण्याचं बोलले आणि गेले. दार लावून बळवंतराव आत आले, पाण्याचा पेला भरून घेतला, आणि मुलगी काही म्हणेल म्हणून ओट्यापाशी उभे राहिले. ऋतिकाने पोळी तव्यावर टाकली. काही म्हणावं असं तिला वाटलं, पण वर्सोव्याच्या त्या पोराचा पँटला पुसला जाणारा हात अजून डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"पान घेते, बसा," ती म्हणाली.

ते बसले, आणि दोघं जेवली.